पर्मनंट फ्यूज

मी आधी दोन्ही पोरींना खाली उतरवलं. मग त्यांच्या आईला. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढला, मागे जाऊन गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, आणि त्यानंतरच अण्णांकडे वळून बोललो.

"अण्णा, आता चावीला हात लावू नका. गाडी ढकलून मोकळ्यावर घेऊ."

"अहो, आवाज तर ऐका की आधी!" अण्णा म्हणाले. "आवाज ऐकवायलाच आलतो मी."

ते खरं होतं. अण्णा त्या दिवशी माझ्या दुकानात काही दुरुस्त करून घ्यायला आलेच नव्हते. मला जे जमलं नाही ते त्यांच्या माणसानं करून दाखवलं, हे सांगायला आले होते. कबनूरहून कोल्हापूरला येताना त्यांनी बायको आणि पोरींना बरोबर घेतलं होतं. आधी माझी जिरवायची आणि मग सगळ्यांनी देवीला जायचं, असा बेत होता.

कोल्हापुरात माझं कार ऑडिओचं दुकान आहे. रेडिओ-टेप दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि पुढं गाड्यांमध्ये टेप, स्पीकर, अॅम्प्लिफायर बसवण्याचं काम वाढत गेलं. ही हकीकत दोन हजार सालानंतरच्या तीन-चार वर्षांतली आहे. तेव्हा पेट्रोल परवडत नाही म्हणून व्हॅनला गॅसचं किट बसवून घेण्याचं प्रमाण वाढलं होतं आणि डिकीत सबवूफर बसवण्याचं खूळही तेव्हाच वाढलं होतं. दोन्ही गोष्टी गाडीच्या मागच्या बाजूलाच बसतात. ही हकीकत त्याच जागेची आहे.

अण्णांचं पूर्ण नाव शिवगोंडा. कबनूरला त्यांची यंत्रमागाची शेड. माणूस मोठ्या आवाजाचा, कारण दिवसभर मागांच्या खडखडाटात बोलायची सवय. गाण्याचा शौक दांडगा. त्यांच्याकडे नव्वदच्या दशकातला एक परदेशी अॅम्प्लिफायर होता. त्यांच्या आधीच्या गाडीत तो मीच बसवला होता. चांगला दणकट, दोन्ही हातांनी उचलावा लागे. त्या काळातल्या अॅम्पवर लिहिलेले वॅट खरे असत. याच्यावर दीडशे लिहिलं होतं आणि तो दीडशेच देत असे.

व्हॅन घेतल्यावर अण्णांनी मुंबईहून बारा इंची नवा सबवूफर आणला. सबवूफर म्हणजे फक्त ढोलाचा, खालच्या पट्टीचा आवाज काढणारा मोठा स्पीकर. खोक्यावर 'एक हजार वॅट' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं.

"हा आपल्या अॅम्पवर चालवायचा," अण्णा म्हणाले होते.

मी खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणालो, "अण्णा, जोडी जमत नाही."

"का? अॅम्प कमी पडतो व्हय?"

"वॅटचा प्रश्न नाही. ओहमचा आहे."

इथं थोडं थांबून ओहम म्हणजे काय ते सांगतो. पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

विहिरीवरच्या मोटारीचा डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवला, तर पाणी कमी येतं आणि मोटारीवर लोडही कमी. तोच पूर्ण उघडला आणि पुढं पाइपच नसला, तर मोटार भसाभसा पाणी ओतत सुटते, जास्त करंट ओढते आणि तापते. स्पीकरचा ओहम म्हणजे तो व्हॉल्व्ह किती बंद आहे याचं माप. ओहम जास्त, तेवढी अडवणूक जास्त. ओहम जितका कमी, तितका अॅम्प्लिफायरवर ताण. अण्णांचा अॅम्प, त्याची दोन्ही चॅनल एकत्र करून एकाच सबवूफरला जोडली की चार ओहमपर्यंत चालणार होता. त्याच्या खाली नाही. नवे अॅम्प दोन ओहमला चालतात, एकलाही चालतात. हा जुना होता. त्याच्या काळात तसा लोड कुणी देतच नसे.

नव्या सबवूफरमध्ये दोन कॉइल होत्या, प्रत्येकी चार ओहमची. दोन चार ओहमच्या कॉइल जोडायच्या तर दोनच रीती. एकीच्या मागं एक जोडली तर बेरीज होते, आठ ओहम. शेजारी शेजारी जोडल्या तर निम्मे, दोन ओहम. आपल्याला हवे होते चार, आणि ते काही केल्या येत नव्हते. मग सुरक्षित बाजू घ्यायची. मी आठ ओहमला जोडून दिलं. अॅम्पपासून बॅटरीपर्यंत जाड केबल टाकली, ती गॅसच्या पाइपच्या विरुद्ध बाजूनं. बॅटरीजवळ एक फ्यूज घातला. अॅम्पच्या अंगावर कंपनीचा पंचवीस अँपिअरचा फ्यूज होताच.

अण्णांनी ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"हजार वॅटचा स्पीकर आणि आवाज असा? शेजारच्या गल्लीत ऐकू जायचा न्हाय ह्यो."

"आठ ओहमला हा अॅम्प पाऊणशे-ऐंशीच देणार, अण्णा. एक कॉइल चार ओहमची, असा साधा सबवूफर घ्या, पूर्ण दीडशे मिळतील. हा बदलून मिळतोय का बघा."

"बदलायचा? बारा इंची हाय त्यो!"

ते नाराज होऊन गेले. गिऱ्हाईक नाराज होऊन जाणं आमच्या धंद्यात नवीन नाही. मी ते विसरूनही गेलो.

आणि मग ते सहकुटुंब आले. गाडी दुकानासमोर लावली, खाली उतरले आणि मागच्या दाराकडे बोट करत म्हणाले, "काय जाधवसाहेब, तुमचा तो ओहम सापडला बघा आमच्या नानाला!"

नाना म्हणजे त्यांच्या शेडचा वायरमन.

"काय केलं नानांनी?"

"शेजारी शेजारी जोडल्या कॉइली. आवाज म्हणजे काय सांगू! काचा थरथरत्यात. पयले दोन-चार दिवस तेवढा फ्यूज उडत होता. रोज उडायचा. मग नानानं त्योबी पर्मनंट केला."

"पर्मनंट म्हणजे?"

"पर्मनंट म्हणजे परत उडायचा न्हाय!" अण्णा हसले. "शेडमधी करतो तसा."

मी मागचं दार वर उचललं. आधी वास आला. तापलेल्या प्लास्टिकचा वास ज्यानं एकदा घेतला त्याला तो दुसऱ्यांदा ओळखायला वेळ लागत नाही. मी अॅम्पवर हात ठेवला आणि लगेच उचलला. इस्त्रीवर ठेवल्यासारखा.

बरं, अॅम्प होता तिथं नव्हताच. मी तो डाव्या बाजूला बसवला होता. आता उजवीकडे होता.

"हा हलवला कुणी?"

"कापडाचे तागे बसत नव्हते की. नानानं हलवला."

डाव्या बाजूला खरोखरच कोऱ्या कापडाचे तागे रचलेले होते. जाड केबल उजवीकडे पुरत नव्हती म्हणून ती मध्येच तोडून तिला दुसरी वायर जोडली होती. तीही शेडमधलीच, दीड स्क्वेअरची. घरातल्या प्लगला वापरतात ती. पंधरा अँपिअरच्या वर तिच्यावर भरवसा ठेवू नये. आणि दोन ओहमच्या लोडवर हा अॅम्प चाळीसच्या पुढं ओढत असणार, हे मी उभ्या उभ्या काढलेलं गणित.

फ्यूजच्या जागी काय होतं ते मग पाहिलं. मोटार रिवाइंडिंगची तांब्याची तार, दुहेरी पीळ घालून खाचेत घट्ट बसवलेली. काम अगदी सफाईदार. पुढं बॅटरीजवळ मी घातलेल्या फ्यूजच्या जागीही तीच. म्हणजे बॅटरीपासून अॅम्पपर्यंत तुटू शकेल असं आता काहीच राहिलं नव्हतं. तुटलीच तर ती बारीक वायर तुटणार होती, तीही जळून.

त्या वायरवरून बोट फिरवत मी टाकीकडे गेलो. लोंबकळू नये म्हणून नानांनी ती वायर व्यवस्थित बांधून घेतली होती. गॅसच्या पाइपला. टाकीतून इंजिनाकडे जाणारी तांब्याची नळी, तिच्यावर प्लास्टिकचं वेष्टण असतं. त्या नळीला प्रत्येक वितीवर क्लिप लावून वायर आवळली होती. मी वायर ओढून पाहिली. ती सुटेना. दोन्हींची प्लास्टिकं वितळून एक झाली होती. एका ठिकाणी वायरीचं उघडं तांबं आणि नळीचं तांबं यांच्यामध्ये नखाएवढा काळा थर उरला होता.

आणि त्या जागेला लागून असलेल्या सीटवर धाकटी पोरगी गुडघ्यांवर उभी राहून, पाठीमागं तोंड करून, मी काय करतोय ते बघत होती.

तेव्हा मी पोरींना उतरवलं.

गाडी आम्ही ढकलत मोकळ्या प्लॉटवर नेली. तागे बाहेर काढले. मी वाटीत साबणाचा फेस केला आणि ब्रशनं पूर्ण नळीला, प्रत्येक जॉइंटला लावला. व्हॉल्व्ह बंद असला तरी नळीत आधीचा गॅस भरलेला होता, आणि तो कुठून निसटत असेल तर तिथं बुडबुडे येतात. मी वाकून बघत राहिलो. माझ्या शेजारी वहिनी वाकल्या होत्या. अण्णांच्या बायकोला मी त्याआधी कधी भेटलो नव्हतो. त्यांनी एकच विचारलं.

"बुडबुडं आलं तर?"

"तर गॅस सुटतोय."

"आणि न्हाय आलं तर?"

"तर आज आपलं नशीब."

बुडबुडे आले नाहीत. वहिनी सरळ झाल्या, पदर खोचला आणि नवऱ्याकडे बघितलं. अण्णा हात मागं बांधून उभे होते.

"ऐकलं न्हवं?" त्या म्हणाल्या. "हातकणंगल्यापासनं मी म्हणत हुते, वास येतोय, वास येतोय. तर म्हणं नवीन स्पीकरचा वास असतोय."

"अगं, नवीन वस्तूला असतोय वास..."

"आनी आवाज कशाला पायजे हो तुम्हाला एवढा? घरात कमी हाय का तुमचा?"

मी हसलो नाही. तसं हसण्यासारखं होतं, पण मोजायचं अजून राहिलं होतं. मीटर घेऊन सबवूफर मोजला. काटा एक पॉइंट आठवर थांबला. मीटरवर कॉइल नेहमी छापल्यापेक्षा थोडी कमीच दाखवते, म्हणजे हे दोन ओहमच झाले. मी अण्णांना मीटर दाखवला, मग अॅम्पच्या पाठीवरची ओळ दाखवली, 'किमान चार ओहम'. मग फ्यूजची पिळलेली तार काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"अण्णा, फ्यूज रोज उडत होता तो खराब होता म्हणून नाही. तो रोज एकच गोष्ट सांगत होता, लोड जास्त आहे. तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत."

अण्णा ती तार बोटांत फिरवत राहिले. मला वाटलं आता वाद घालतील. 'आमच्या शेडमधी वर्षानुवर्षं असंच चालतं' म्हणतील. त्यांचा चेहरा मात्र उतरत गेला. पहिल्यांदाच हळू आवाजात ते म्हणाले,

"जाधवसाहेब, शेडचा बोर्डबी नानाच बघतोय."

मी मीटरच्या वायरी गुंडाळायला लागलो.

"आनी आमचं घर शेडच्या वरच हाय."

देवीचं दर्शन राहिलं. वहिनी आणि पोरी एसटीनं परत गेल्या. व्हॅन गॅसकिटवाल्याच्या ताब्यात दिली, नळी नवी टाक म्हणून सांगितलं. मी दुकान बंद केलं आणि अण्णांना माझ्या स्कूटरवर मागं बसवून कबनूरला गेलो. हे माझं काम नव्हतं. मी बारा व्होल्टचा माणूस, तिथं थ्री फेज. पण मीटर वाचता येतो आणि वायरीची जाडी ओळखता येते, तेवढं त्या दिवशी पुरेसं होतं.

यंत्रमागाची शेड ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. तिथं हवेत सतत कापसाचं तूस उडत असतं. ते भिंतींवर, तुळयांवर, दिव्यांवर बर्फासारखं बसतं. बोर्डाच्या पेटीवरही त्याचा बोटभर थर होता. नानांनी मेन बंद केलं, मी झाकण उघडलं. पोर्सलिनच्या किटकॅट फ्यूजची ओळ होती. किटकॅटमध्ये ठरावीक जाडीची बारीक तार घालायची असते, जी वेळ आली की वितळते. मी एक उपसला. दुहेरी पीळ. दुसरा उपसला. दुहेरी पीळ. तिसऱ्यात चार पदर होते. पेटीच्या आतल्या वायरी काही ठिकाणी तपकिरी पडलेल्या, आणि त्यांच्यावर तूस.

वर जिन्याला लागून स्वयंपाकघर. वरून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. वहिनी पोचल्या होत्या आणि कामाला लागल्या होत्या.

"नाना," अण्णा गरजले, "ही काय पद्धत झाली?"

नाना वयस्कर, सडपातळ, डोक्यावर टोपी. ते अजिबात दबले नाहीत.

"पद्धत? अण्णा, फ्यूज उडला की माग थांबतोय. माग थांबला की तुम्ही वरनं आरडताय. कुणावर? नानावर. तुम्हीच म्हणालं न्हवं, परत उडता कामा न्हाय? मी न्हाय उडू दिला."

"म्हणून काय एवढी जाड तार घालायची?"

"मग किती घालू? तुम्ही जाडी सांगितली न्हवती. परत उडता कामा न्हाय एवढंच सांगितलं हुतं."

अण्णांनी उपसलेला एक किटकॅट हातात घेतला आणि त्यातला पीळ ते उलगडायला लागले. माझी गंमत बघण्याची मनःस्थिती नव्हती. मला राहून राहून एकच आश्चर्य वाटत होतं. इथं कुणीही आळस केला नव्हता, कुणीही फसवलं नव्हतं. प्रत्येकानं सांगितलेलं काम नीट केलं होतं. आणि त्या नीट कामावर वरच्या मजल्यावर भाकऱ्या होत होत्या.

इचलकरंजीतल्या एका लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरला अण्णांनी तिथूनच फोन केला. त्यानं पुढच्या काही दिवसांत पूर्ण बोर्ड बदलला. तोवर शेड बंद. माग बंद ठेवून अण्णा उंबऱ्यावर बसून राहिले, असं मला नंतर नानांनीच सांगितलं. "अण्णांना झोप येईना झाली," ते म्हणाले, "शांततेची सवय न्हाय न्हवं."

आता अॅम्पचं. तो मेला असेल असं मी धरून चाललो होतो. उघडून पाहिलं, तर एक कपॅसिटर फुगलेला, बाकी सगळं शाबूत. जुन्या मालाचं वजन उगाच नसतं, त्यातलं निम्मं उष्णता बाहेर टाकणारं अॅल्युमिनियम असतं. कपॅसिटर बदलला, नळी बदलून व्हॅन आल्यावर अॅम्प पुन्हा डावीकडे बसवला, जाड केबल नवी टाकली, दोन्ही जागी खरे फ्यूज घातले. अण्णांनी या वेळी तो बारा इंची स्वतः काढून दिला. त्याच्या जागी मी एका चार ओहमच्या कॉइलचा दहा इंची घातला, त्याच्या मापाच्या बंद पेटीत.

"दहाच इंच?" अण्णांनी विचारलं. जुनी खोड.

"ऐका तर."

त्यांनी कॅसेट लावली. मी आठ ओहमला जोडून दिलेल्या त्या बारा इंचीपेक्षा हा दहा इंची सरळ जास्त वाजत होता. मोटारीला हवा तेवढाच व्हॉल्व्ह उघडला की पाणीही येतं आणि मोटारही राहते, इतकंच ते आहे. मी अर्धा तास वाजवून अॅम्पवर हात ठेवला. कोमट. अण्णांनीही ठेवला. मग बरोबर आलेल्या वहिनींनाही ठेवायला लावला.

"तागे कुठं ठेवणार?" मी विचारलं.

"टेम्पोत," वहिनींनी उत्तर दिलं. "ह्या गाडीत आता माणसं बसणार."

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी दुकानात फोन आला. पलीकडून मागांचा खडखडाट, आणि त्याच्यावर चढवलेला अण्णांचा आवाज.

"जाधवसाहेब! उडाला!"

"काय उडालं? अण्णा, घरातले कुठं आहेत?"

"फ्यूज उडाला हो! एका मागाच्या मोटारीचं बेअरिंग जाम झालतं. नाना म्हणतोय, जुना बोर्ड असता तर मोटार पेटली असती. हात लावून बघितली, नुसती गरम हाय!"

"मग माग थांबला असेल."

"थांबला की," अण्णा ओरडले. "पर त्यो एकटाच थांबला. बाकीचं ऐका कसं चाललंय!"

आणि त्यांनी रिसीव्हर मागांकडे धरला. मी बराच वेळ तो खडखडाट ऐकत बसलो. फ्यूज उडाला म्हणून आनंदानं फोन करणारं गिऱ्हाईक मला त्याआधी मिळालं नव्हतं, नंतरही मिळालं नाही.

तेव्हापासून कुणी 'फ्यूज सारखा उडतोय' अशी तक्रार घेऊन आलं की मी आधी ओहम विचारत नाही, वॅट विचारत नाही. मी विचारतो, आत्ता त्याच्या जागी काय घातलंय? काहीजण फ्यूजचा नंबर सांगतात. काहीजण नुसते हसतात. हसणाऱ्यांच्या गाड्या मी रांग मोडून आधी घेतो.